कोणाच्या हाती पडेल? ऐतिहासिक व्यक्तींवरील प्रौढ कथा आणि न बोलावलेले वाचक

आपल्या धर्मप्रांतातून इंग्लंडला जाऊन स्थायिक झालेल्या एका गृहस्थांचे पत्र काही दिवसांपूर्वी आले. त्यांच्या अनुमतीने, नावे न देता, त्यातील हकीकत येथे सांगतो. त्यांची तेरा वर्षांची कन्या शाळेत ट्यूडर राजघराण्याचा इतिहास शिकते. गृहपाठासाठी ती आठव्या हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड हिची माहिती महाजालावर शोधत होती. शोधता शोधता ती एका कथेवर येऊन पोहोचली. प्रारंभीचा मजकूर तिला पाठ्यपुस्तकासारखाच वाटला. तीच नावे होती, तेच वाडे होते, त्याच तारखा होत्या. पुढे जे वर्णन आले ते मात्र तिच्या वयाच्या मुलीने वाचावे असे नव्हते. तिने संगणक बंद केला आणि दोन-तीन दिवस ती घरात कोणाशी धड बोलली नाही. मग आईजवळ बसून तिने एकच प्रश्न विचारला, "हे खरंच असं घडलं होतं का?"

वडिलांचा मला प्रश्न वेगळा आहे. ते विचारतात, "फादर, असले लिखाण उघड्यावर राहू दिलेच कसे जाते?" दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. तथापि मुलीचा प्रश्न अधिक खोल आहे असे मला वाटते. ह्या लेखात दोन्हींचा विचार करावयाचा आहे.

चाहत्यांच्या कथा

एखादी कादंबरी, चित्रपट वा मालिका आवडली की तिच्यातील पात्रे घेऊन चाहत्यांनी स्वतः नव्या कथा लिहाव्यात, ह्या प्रकाराला 'फॅन फिक्शन' म्हणतात. त्याचे आजचे रूप अमेरिकेत घडले. 'स्टार ट्रेक' ह्या दूरदर्शन मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली आपले पहिले हौशी नियतकालिक काढले. अशा अंकांच्या थोड्या प्रती निघत आणि त्या ओळखीच्या लोकांतच फिरत. १९९८ मध्ये 'फॅनफिक्शन डॉट नेट' हे संकेतस्थळ सुरू झाले आणि हे लिखाण जगभर पोहोचू लागले. ह्या संकेतस्थळाने २००२ मध्ये अतिप्रौढ कथांना बंदी केली. विद्यमान नट, गायक अशा व्यक्तींवरील कथाही तेथे वर्ज्य ठरल्या. इतिहासातील व्यक्तींना मात्र ही मनाई लागू झाली नाही. २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे ना-नफा तत्त्वावर चालणारे भांडार खुले झाले. तेथे प्रौढ लिखाणालाही मुभा आहे. २०२२ मध्ये तेथील कृतींची संख्या एक कोटीवर गेली. सोळाव्या शतकातील प्रत्यक्ष व्यक्तींवरील कथांसाठी तेथे स्वतंत्र वर्ग आहे.

ह्या सर्व कथा अश्लील असतात असे समजणे अन्यायाचे होईल. पुष्कळ कथा निरागस असतात, काही उत्तम असतात. ह्याच भांडाराला २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या क्षेत्रातील ह्युगो पुरस्कार मिळाला. परंतु ह्या कथांचा एक मोठा भाग उघडपणे प्रौढांसाठी आहे आणि त्यांचे लेखकही ते लपवीत नाहीत.

ट्यूडर काळाकडे लेखणी का वळते हे समजण्यासारखे आहे. २००७ ते २०१० ह्या काळात 'द ट्यूडर्स' ही मालिका गाजली. त्यानंतर सहा राण्यांवरील 'सिक्स' ही संगीतिका आली. २०१७ साली एडिंबरा येथील महोत्सवात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ती प्रथम सादर केली. पुढे ती लंडन व न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर पोहोचली. शाळकरी मुलींना तिची गाणी पाठ असतात. म्हणजे एकाच राणीच्या नावाभोवती तीन प्रकारचे लोक जमले : अभ्यास करणारी मुले, गाणी गुणगुणणाऱ्या मुली आणि प्रौढ कथा लिहिणारे व वाचणारे चाहते. शोधयंत्रात ते सर्व एकच नाव टाइप करतात.

दार कोठे चुकते?

वर उल्लेखिलेल्या भांडारात प्रत्येक कथेला श्रेणी असते. सर्वांसाठी, किशोरांसाठी, प्रौढांसाठी, अतिस्पष्ट, आणि श्रेणी न दिलेली. कथेच्या माथ्यावर विषयसूचक खुणा असतात. हिंसाचार, बलात्कार, अल्पवयीनांचा संबंध असे काही असल्यास इशारा देण्याची सोय असते. प्रौढ कथा उघडण्यापूर्वी एक सूचनापान येते व "पुढे जायचे का?" असे विचारते. न्यायाने बोलायचे तर छापील कादंबरीच्या मुखपृष्ठावर एवढी स्पष्ट सूचना क्वचितच आढळते.

मग चूक कोठे होते? वाड्याच्या दारावर पाटी आहे, परंतु पाहुणा दारातून येतच नाही. शोधयंत्र त्याला थेट आतल्या खोलीत नेऊन सोडते. कथा वाचण्यासाठी सभासद व्हावे लागत नाही. सूचनापानावर वय तपासले जात नाही, एक कळ दाबली की पुढची वाट मोकळी होते. काही दुव्यांत तर अशी तरतूद असते की सूचनापान न येता कथाच उघडते. कथा उतरवून घेऊन कोणी मित्रांना पाठवली, किंवा त्यातील चार परिच्छेदांचे छायाचित्र काढून गटात टाकले, की श्रेणी, खुणा, इशारे सारे मागे राहते व केवळ मजकूर प्रवास करतो. ज्या मंडळींना संकेत ठाऊक आहेत त्यांच्यासाठी ही पाटी पुरेशी असते. तेरा वर्षांच्या मुलीला ती पाटी वाचता येत नाही, कारण ती पाटीच कसली हे तिला कोणी सांगितलेले नसते.

अशा न बोलावलेल्या वाचकांत केवळ मुलेच नसतात. निबंधासाठी संदर्भ शोधणारा विद्यार्थी असतो. तो कथेतील कल्पित पत्र खरे समजून उतरवून घेतो. अलीकडे यंत्रेही वाचक झाली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली घडविण्यासाठी महाजालावरील मजकूर गोळा केला जातो, त्यात ह्या कथाही जातात असे लक्षात आल्यावर अनेक लेखकांनी आपल्या कथा केवळ नोंदणीकृत सभासदांपुरत्या मर्यादित केल्या. आपले लिखाण भलत्याच्या हाती पडल्याची खंत लेखकालाही असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

कायद्याचा जुना प्रश्न

"हे कोणाच्या हाती पडेल?" हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ कायदा त्याच्याशी झगडत आहे, आणि त्याचा आरंभ आपणा कॅथोलिकांशी निगडित आहे. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये हिकलिन खटला गाजला. खटल्यातील पुस्तिका कॅथोलिकांच्या पापनिवेदनाची बदनामी करणारी होती. कबुलीच्या वेळी धर्मगुरू कसले प्रश्न विचारतात हे 'उघड' करण्याच्या मिषाने तीत अश्लील मजकूर भरला होता. विक्रेत्याचा हेतू धर्मविरोधी प्रचाराचा होता, अश्लीलतेचा नव्हता, असा बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही. ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात त्यांच्या हाती हा मजकूर पडला तर त्यांना भ्रष्ट करण्याकडे त्याचा कल आहे काय, अशी कसोटी न्यायालयाने ठरविली. कोणासाठी लिहिले आहे ह्याऐवजी कोणापर्यंत पोहोचेल, हा निकष ठरला.

ही कसोटी भारतातही आली. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये तिचाच आधार घेऊन शिक्षा कायम केली. पुढे एका मराठी मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'शामा' ह्या कथेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्णय दिला. समाजाचे मापदंड बदलत असतात आणि सर्व साहित्य केवळ अल्पवयीनांच्या मापाने मोजता येणार नाही, ही जाणीव हळूहळू रुजत गेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटी बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाचा मापदंड स्वीकारला.

ऐतिहासिक व्यक्तींच्या बाबतीत मात्र न्यायालयाने वेगळी सावधगिरी दाखविली, आणि तेही एका मराठी कवितेच्या निमित्ताने. वसंत दत्तात्रेय गुर्जर ह्यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात छापली गेली. संघटनेच्या सभासदांसाठी असलेला हा अंक होता; तरी प्रकरण न्यायालयात गेले. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुद्रक व प्रकाशक ह्यांना मोकळे केले, कारण त्यांनी क्षमा मागितली होती. परंतु ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना कविस्वातंत्र्याची मर्यादा अधिक काटेकोरपणे पाहावी लागेल असे मत मांडून कवीवरील खटला चालू ठेवण्याची वाट मोकळी ठेवली. ह्या निर्णयावर साहित्यिकांनी टीकाही केली. आदरणीय कोण, हे कोणी ठरवायचे, हा त्यांचा प्रश्न गैरलागू नाही.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा खटला इंग्लंडमधील न्यूकॅसलचा आहे. 'गर्ल्स अलाउड' ह्या गायिकांच्या गटावर एका चाहत्याने अत्यंत हिंसक व लैंगिक कथा लिहून महाजालावर ठेवली होती. त्याच्यावर १९५९ च्या अश्लील प्रकाशन कायद्याखाली आरोप ठेवण्यात आला. गटाच्या चाहत्या लहान मुली आहेत, गटाचे नाव शोधताना ही कथा त्यांच्यासमोर सहज येईल, हा सरकारपक्षाचा मुख्य मुद्दा होता. बचावपक्षाच्या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की अशाच प्रकारचे लिखाण मुद्दाम शोधणाऱ्यालाच ती सापडेल. जून २००९ मध्ये सरकारपक्षाने पुरावा सादर न करण्याचे ठरविले आणि लेखक निर्दोष सुटला. म्हणजे संपूर्ण खटला "चुकून सापडेल का?" ह्या एका प्रश्नावर फिरला. आज ज्या सहजतेने शोधयंत्रे आतल्या पानापर्यंत नेतात, ती पाहता तेच उत्तर तितक्या खात्रीने देता येईल का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

त्यानंतर ब्रिटनने २०२३ मध्ये ऑनलाइन सुरक्षा कायदा केला. जुलै २०२५ पासून अश्लील चित्रफिती दाखविणाऱ्या संकेतस्थळांना वाचक-प्रेक्षकाचे वय तपासणे बंधनकारक झाले. पालकांना त्याने दिलासा वाटला. परंतु ह्या कायद्यात अश्लील सामग्रीची वय-तपासणी ठरविताना केवळ शब्दांत असलेला मजकूर वगळला आहे. चित्रावर पहारा बसला, शब्द मोकळा राहिला. ह्याचे कारण उमजते. शब्दावर पहारा बसविला तर कादंबरी, काव्य, वैद्यकीय माहिती, अत्याचारग्रस्तांच्या आत्मकथा, सारेच पहाऱ्यात येईल. पत्रलेखक गृहस्थांना माझे प्रामाणिक उत्तर हे आहे की कायदा येथे त्यांच्या मदतीला येणार नाही. त्याने यावे काय, ह्याबद्दलही मी साशंक आहे.

सरसकट सफाईचे परिणाम एकदा दिसले आहेत. मे २००७ मध्ये 'लाइव्हजर्नल' ह्या कंपनीने बाहेरच्या तक्रारींवरून सुमारे पाचशे खाती एका झटक्यात बंद केली. त्यांत चाहत्यांच्या प्रौढ कथा होत्या. परंतु लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांचे आधारगटही होते, एका प्रसिद्ध कादंबरीवर चर्चा करणारा गटही होता. कंपनीला माफी मागून बहुतेक खाती पुन्हा सुरू करावी लागली. कोयता चालविणाऱ्याने तण आणि पीक वेगळे ओळखले नाही. दृष्टान्तातील धन्याने सेवकांना निदण उपटू नका असे का सांगितले, हे अशा वेळी समजते.

मृतांची बाजू

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. हे खरेच असे घडले होते का?

कॅथरीन हॉवर्डचा जन्म १५२३ च्या आसपासचा मानला जातो. नक्की साल ठाऊक नाही. आई लवकर वारली. ती सावत्र आजीच्या, नॉरफोकच्या वृद्ध डचेसच्या, मोठ्या घरात इतर मुलींबरोबर वाढली. तेथे हेन्री मॅनॉक्स नावाचा संगीतशिक्षक आला. तो तिच्याशी लगट करू लागला तेव्हा ती बहुधा तेरा वर्षांची होती. पुढे फ्रान्सिस डिअरॅम आला. जुलै १५४० मध्ये तिचे लग्न पन्नाशीकडे झुकलेल्या राजाशी झाले. दीड वर्षाने, १३ फेब्रुवारी १५४२ रोजी, तिचा शिरच्छेद करण्यात आला. तिच्याविषयी आपणास जे ठाऊक आहे त्यातील बरेचसे चौकशीतील जबान्यांतून आले आहे. म्हणजे भेदरलेल्या मुलीने, आपला जीव जाणार हे दिसत असताना, सत्ताधाऱ्यांपुढे दिलेल्या उत्तरांतून.

पत्रातील कन्या आणि ती राणी, दोघी त्या प्रसंगी एकाच वयाच्या होत्या. कथेतील लाडिक मोहिनी आणि जबान्यांतील पोरकी मुलगी ह्यांत जे अंतर आहे, तेच मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रौढ कथेतील खरा दोष मला येथे दिसतो. त्यात शरीराचे वर्णन आहे, एवढ्याने तो दोष होत नाही. जिच्यावर अन्याय झाला, तिच्या अन्यायाचेच रंजन केले गेले, आणि ते नाव, गाव, तारीख खरी ठेवून केले गेले. मृत व्यक्तीला अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही, इंग्लंडचा कायदा तर हे स्पष्टच मानतो. तिची बाजू घेण्यासाठी उरतो तो केवळ विवेकी वाचक.

ही वृत्ती महाजालाने जन्माला घातली असेही नाही. सहाव्या शतकात प्रोकोपियस ह्या इतिहासकाराने सम्राज्ञी थिओडोरा हिच्यावर अत्यंत गलिच्छ मजकूर लिहिला आणि तो हयातीत प्रसिद्ध केला नाही. त्याची प्रत व्हॅटिकन ग्रंथालयात सापडली. तेथील ग्रंथपाल अलेमान्नी ह्यांनी १६२३ मध्ये ती छापली, परंतु सर्वांत अश्लील भाग गाळून. पुढे तो भागही छापला गेला, आणि जिला ऑर्थोडॉक्स परंपरा संत मानते तिची प्रतिमा जगाच्या मनात आजतागायत त्या गाळलेल्या पानांनीच रंगविली आहे. लुक्रेझिया बोर्जियाचीही हीच गत झाली. विरक्त पतीने केलेला आरोप, मग १८३३ मधील ह्यूगोचे नाटक, मग आपल्या काळातील मालिका. प्रत्येक पायरीवर अफवा अधिक देखणी होत गेली.

ख्रिस्तसभेचा अनुभव

निषिद्ध ग्रंथांची रोमन सूची प्रथम १५५९ मध्ये निघाली, तिची शेवटची आवृत्ती १९४८ ची. १९६६ मध्ये तिचे कायदेशीर बंधन संपले. चार शतकांच्या ह्या अनुभवातून ख्रिस्तसभा शिकली की यादी लांबविल्याने विवेक वाढत नाही. २००७ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा विषय पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी 'मुले व माध्यमे' हाच निवडला होता आणि त्याकडे शिक्षणाचे आव्हान म्हणून पाहिले होते. पोप फ्रान्सिस ह्यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनावर पत्र लिहिले. त्यांनी कथा-काव्याला संशयाने न पाहता, दुसऱ्याचे अंतःकरण ऐकण्याची शाळा म्हणून पाहिले. मला वाटते, कथेची कसोटी येथेच लागते. ती वाचून दुसरा माणूस अधिक माणूस दिसला, की केवळ वस्तू दिसला?

व्हॅटिकन ग्रंथालयात आणखी एक गोष्ट जपून ठेवलेली आहे. हेन्रीने ॲन बोलिनला लिहिलेली सतरा प्रेमपत्रे. एकाच वाचकासाठी लिहिलेली ती पत्रे रोमला कशी पोहोचली हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. ज्या विवाहाने इंग्लंड रोमपासून तुटले आणि संत थॉमस मोर व संत जॉन फिशर ह्यांना १५३५ मध्ये प्राण द्यावे लागले, त्या विवाहाच्या आधीची ती पत्रे. ती वाचणारे आपण सर्वच न बोलावलेले वाचक आहोत. परंतु ग्रंथपालाने ती संदर्भासह, काळासह आपल्यापुढे ठेवली आहेत. न बोलावलेल्या वाचकाला हा संदर्भच वाचवू शकतो.

पालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, मूल असे काही वाचून आले तर प्रथम त्याचे ऐका. रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, वाचायचे मात्र थांबणार नाही. त्या मुलीने आईला विचारले, ह्यात त्या घराचे यश आहे.

दुसरी, 'हे कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, हे त्याला कसे कळले?' हे तीन प्रश्न मुलांना शिकवा. चाहतेकथांच्या संकेतस्थळांची नावे व त्यांवरील श्रेणींचा अर्थ किशोरवयीन मुलांना सरळ शब्दांत सांगा. ज्याला पाटी वाचता येते तो चुकीच्या खोलीत शिरला तरी लगेच परत फिरतो.

तिसरी, शोधयंत्रातील सुरक्षित शोधाची सोय लहान मुलांच्या संगणकावर व भ्रमणध्वनीवर सुरू ठेवा. तिच्यावर विसंबून मात्र राहू नका, कारण ती चित्रे जितकी अडविते तितका मजकूर अडवीत नाही. गृहपाठासाठी ग्रंथालय, संग्रहालये व विद्यापीठे ह्यांच्या संकेतस्थळांपासून सुरुवात करण्याची सवय लावा.

चौथी गोष्ट धर्मशिक्षणाच्या शिक्षकांसाठी आणि युवागटांसाठी. ह्या कथा लिहिणाऱ्यांत आपलीही मुले असू शकतात. त्यांना झिडकारू नका. लिहिण्याची ऊर्मी ही देवाची देणगी आहे. त्यांना एवढेच विचारा : ज्या व्यक्तीचे नाव तू वापरतोस, ती तुझ्यासमोर येऊन बसली, तर हे तिला वाचून दाखवशील का?

त्या गृहस्थांना मी उत्तर पाठविले आहे. कन्येने निबंध पूर्ण करावा आणि त्यात कॅथरीनच्या जबान्यांविषयी, तिच्या वयाविषयी, तिच्या आजीच्या घराविषयी लिहावे, असे सुचविले आहे. चार दिवस ज्या प्रश्नाने तिला झोप आली नाही त्याचे उत्तर तिला स्वतःच्या अक्षरांत लिहिता आले, तर कथेने जे हिरावले ते थोडेफार परत मिळेल. आणि पावणेपाचशे वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या एका मुलीची बाजू घेणारे कोणीतरी, तिच्याच वयाचे, तिला लाभेल.